थायलंडची कॉफी नक्की कोणाची? स्टारबक्स, पेट्रोल पंप आणि डोंगरातला शेतकरी

थायलंडमध्ये सगळ्यात जास्त दुकानं कोणत्या कॉफी साखळीची आहेत, असं विचारलं तर बहुतेक जण स्टारबक्सचं नाव घेतील. खरं उत्तर कॅफे ॲमेझॉन. नावावरून ही कुठलीतरी अमेरिकन कंपनी वाटते, पण मालक आहे पीटीटी ही थायलंडची सरकारी तेल कंपनी. २००२ मध्ये पेट्रोल पंपांवर सुरू झालेल्या या साखळीची एकट्या थायलंडमध्ये ४ हजारांहून जास्त दुकानं आहेत. स्टारबक्सची पाचशेच्या आसपास.

परदेशी साखळ्या आल्या आणि त्यांनी स्थानिक कॉफी गिळली, ही गोष्ट आपण इतक्या देशांबद्दल ऐकलेली असते की थायलंडबद्दलही तीच खरी मानून मोकळे होतो. तिथे ती नीट बसत नाही. परदेशी नावाच्या दुकानामागे थाई भांडवलदार आहेत. स्थानिक साखळीच्या दुकानामागे सरकारी तेल कंपनी आहे. रस्त्यावरच्या हातगाडीवरची कॉफी कित्येकदा स्विस कंपनीच्या डब्यातून आलेली असते. आणि ज्याच्या शेतात कॉफी पिकते तो आखा जमातीचा शेतकरी या सगळ्यांपासून बराच लांब, डोंगरात आहे. ‘परदेशी विरुद्ध स्थानिक’ म्हणताना यातलं स्थानिक कोण, हे आधी ठरवावं लागतं. माझ्या मते ते ठरवायची जागा शेत आणि हातगाडी ही आहे. दुकानावरच्या पाटीवरून ते कळत नाही.

फडक्याच्या पिशवीतली कॉफी

सुरुवात जुन्या कॉफीपासून करू, कारण पर्यटकांच्या नजरेतून नेमकी तीच निसटते.

थायलंडमध्ये कॉफी पिण्याची सवय रुजवली ती मुख्यतः चिनी स्थलांतरितांनी. बँकॉकच्या चिनी वस्तीत आणि दक्षिणेकडच्या गावांमध्ये त्यांची कॉफीची दुकानं होती, काही अजून आहेत. बँकॉकच्या चारोएन क्रुंग रस्त्यावरचं ‘ऑन लोक युन’ १९३३ पासून चालू आहे. सकाळी तिथे अंडी, चिनी सॉसेज, भाजलेला पाव आणि कॉफी मिळते. आपल्याकडच्या इराणी हॉटेलात गेलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही: जुनी टेबलं, ठरलेली गिऱ्हाइकं, आणि तोच खाद्यक्रम वर्षानुवर्षं.

या दुकानांतली मुख्य चीज म्हणजे ओलिआंग, बर्फ घातलेली काळी गोड कॉफी. हिची पूड शुद्ध कॉफीची नसते. रोबस्टा या कॉफीच्या जातीच्या बियांबरोबर मका, सोयाबीन, तीळ असं धान्य साखर घालून चांगलं काळं होईपर्यंत भाजतात आणि एकत्र दळतात. याला भेसळ म्हणणं चूक आहे. कॉफी महाग होती, धान्य स्वस्त होतं, आणि त्या मिश्रणातून जी जळकट-गोडसर चव आली तीच लोकांना आवडू लागली. आज चांगल्या ओलिआंगची पारख त्या चवीवरच होते.

करायची पद्धत बघण्यासारखी आहे. लोखंडी कडीला शिवलेली लांब फडक्याची पिशवी असते, मोज्यासारखी, वापरून वापरून गडद तपकिरी झालेली. तिच्यात पूड घालतात आणि पिशवी एका उंच पत्र्याच्या भांड्यात सोडतात. वरून उकळतं पाणी ओततात. खाली उतरलेली कॉफी दुसऱ्या भांड्यातून पुन्हा त्याच पिशवीवर ओततात, पुन्हा उचलतात, पुन्हा ओततात. हात सवयीचा असेल तर एक थेंब बाहेर पडत नाही. ग्लासाच्या तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा जाड थर असेल तर ती दुधाची कॉफी होते, नुसती साखर असेल तर ओलिआंग. मग काठोकाठ बर्फ. बरोबर न्यायची असेल तर पूर्वी कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा दोरी बांधून हातात देत. पुढे त्याची जागा प्लास्टिकच्या पिशवीने घेतली.

दक्षिणेला त्रांग नावाचं गाव आहे. तिथल्या सकाळच्या ‘कोपी’ दुकानांची सगळ्या देशात ख्याती आहे. कॉफीबरोबर तिथे भाजलेलं डुकराचं मांस आणि वाफवलेले चिनी पदार्थ खातात, आणि कॉफी संपली की साध्या चहाची किटली न मागता टेबलावर येते. त्या चहावर माणसं तासभर बसतात. रबराचा भाव, गावची निवडणूक, कोणाच्या पोराचं लग्न, सगळं तिथे बोललं जातं. हे दुकान चालतं कारण त्या जागेला भाडं नसतं किंवा फार थोडं असतं. वर घर, खाली दुकान. हा भाड्याचा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे कामाला येईल.

पहिली परदेशी कॉफी बाटलीतून आली

स्टारबक्सच्या कितीतरी आधी थायलंडच्या कॉफीत एक परदेशी कंपनी शिरली होती, ती म्हणजे नेसले. इन्स्टंट कॉफीने थाई माणसाची सवय जितकी बदलली तितकी नंतरच्या कुठल्याही साखळीने बदललेली नाही. घरात कॉफी आली ती नेसकॅफेच्या रूपात. हातगाडीवाल्यांनीही ती उचलली, कारण फडक्याची पिशवी, धान्याची भाजणी, चुलीवर सतत उकळतं पाणी यापेक्षा चमचाभर पूड सोपी. आज रस्त्यावर मिळणारी ‘थाई आइस्ड कॉफी’ अनेकदा नेसकॅफे आणि कंडेन्स्ड मिल्कचीच असते.

दक्षिणेतल्या शेतकऱ्याला मात्र इन्स्टंट कॉफीच्या कारखान्यांमुळे गिऱ्हाईक मिळालं. कॉफी थायलंडच्या दक्षिणेत कशी पोचली याची एक गोष्ट सांगतात: १९०४ च्या सुमारास मक्केहून परतलेल्या एका मुस्लिम यात्रेकरूने रोबस्टाच्या बिया आणून सोंगखला प्रांतात लावल्या. पुढे चुम्फोन आणि रानोंग हे प्रांत रोबस्टाचे मोठे पट्टे झाले, आणि तिथला माल मुख्यतः इन्स्टंट कॉफीच्या कारखान्यांत जाऊ लागला.

नेसलेने १९९० मध्ये थायलंडमधल्या महागित्सिरी या उद्योगपती घराण्याबरोबर भागीदारी केली. हे संयुक्त कंपनीचं नातं २०२४ च्या अखेरीस संपलं आणि वाद कोर्टात गेला. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या मिनबुरी न्यायालयाने तात्पुरत्या मनाईचा आदेश दिला आणि नेसलेला थायलंडमध्ये नेसकॅफे बनवणं-विकणं थांबवावं लागलं. पुढे विक्री पुन्हा सुरू झाली, पण त्या काळात छोट्या कॉफी विक्रेत्यांचं काय होणार हा प्रश्न लगेच पुढे आला. दोन धनाढ्य पक्षांचं भांडण, आणि पोटाला चिमटा बसण्याची भीती हातगाडीवाल्याला. ज्याला आपण ‘स्थानिक कॉफी’ म्हणतो ती एका परदेशी डब्यावर किती टेकलेली आहे, हे यातून दिसलं.

स्टारबक्स आलं ते थाई हात धरून

थायलंडमधलं पहिलं स्टारबक्स जुलै १९९८ मध्ये बँकॉकच्या सेंट्रल चिडलोम या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये उघडलं. वेळ बघा. बरोबर एक वर्ष आधी, २ जुलै १९९७ ला, थायलंडचं चलन बाट कोसळलं होतं आणि त्यातून सगळ्या आशियाचं आर्थिक संकट सुरू झालं होतं. बँका बुडत होत्या, बांधकामं अर्धवट पडली होती. अशा वेळी महागडी कॉफी विकणारं दुकान उघडलं आणि टिकलं. कारण तिथे विकली जाणारी गोष्ट कॉफीपुरती नव्हती. वातानुकूलित जागा, मऊ खुर्ची, कोणी उठवत नाही, हातातल्या कपावर लोगो. बँकॉकच्या उकाड्यात आणि ट्रॅफिकमध्ये दोन तास शांत बसायला मिळणं यालाच किंमत आहे, आणि ती मोजायची तयारी असलेला एक वर्ग संकटातही शिल्लक होता.

आता कायद्याचा भाग, जो थोडा किचकट आहे पण त्याशिवाय पुढचं कळत नाही. थायलंडच्या १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यात काही धंदे असे ठरवून दिले आहेत की त्यांत परदेशी मालकीच्या कंपनीला खास परवानगीशिवाय उतरता येत नाही. खाद्यपदार्थ आणि पेयं विकणं हा त्यातलाच एक धंदा. म्हणजे उद्या एखाद्या परदेशी माणसाला चियांग माईत स्वतःच्या पूर्ण मालकीचं कॉफीचं दुकान टाकायचं असेल तर ते सरळ जमत नाही. निम्म्याहून जास्त भाग थाई भागीदाराच्या नावे ठेवावा लागतो किंवा परवाना काढावा लागतो. अमेरिकन कंपन्यांना १९६६ च्या थाई-अमेरिकी मैत्री करारामुळे यातून बरीच सवलत मिळते. बाकीच्यांना मिळत नाही. त्यामुळे बहुतेक परदेशी साखळ्या स्वतः न येता कुठल्यातरी थाई उद्योगसमूहाला आपलं नाव वापरायचं लायसन्स देतात.

याचं गणित असं. मूळ कंपनी नाव, पाककृती, दुकानाची रचना आणि अनेकदा भाजलेल्या बिया देते. त्याबदल्यात विक्रीतला ठरलेला हिस्सा घेते. जागा शोधणं, भाडं भरणं, माणसं ठेवणं, तोटा झाला तर सोसणं हे सगळं लायसन्स घेणाऱ्याचं. मूळ कंपनीचा पैसा थोडा पण बिनधोक. लायसन्सवाल्याचा पैसा जास्त, पण जोखीमही त्याचीच.

स्टारबक्सनेही २०१९ मध्ये हाच रस्ता धरला. तोपर्यंत थायलंडमधली ३७२ दुकानं कंपनी स्वतः चालवत होती. ती सगळी तिने कॉफी कॉन्सेप्ट्स नावाच्या कंपनीला विकली. ही कंपनी हाँगकाँगची मॅक्सिम्स आणि एफ अँड एन रिटेल कनेक्शन यांची मिळून आहे. एफ अँड एन हा थायबेव्हच्या छत्राखालचा समूह, आणि थायबेव्ह म्हणजे ‘चांग’ बिअर बनवणारे, थायलंडमधल्या सगळ्यात श्रीमंत घराण्यांपैकी एकाचे. तेव्हा बँकॉकमध्ये स्टारबक्सचा कप घेतला की त्यातल्या नफ्याचा एक भाग सिएटलला जातो, एक हाँगकाँगला, आणि एक थेट थाई बिअरसम्राटाच्या घरात. मुंबईकरांना ही रचना ओळखीची आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये फोर्टात हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स उघडलं ते टाटांबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत.

स्टारबक्स आणि रस्ता यांची थेट टक्कर झाली ती एका हातगाडीवरून. बँकॉकच्या फ्रा आथित रस्त्यावर दोन मुस्लिम भाऊ ‘स्टारबुंग’ नावाने कॉफी विकत. हिरवा गोल लोगो, मध्ये जलपरीऐवजी दाढीवाला माणूस, कॉफी ओतताना. स्टारबक्सने आधी पत्रं पाठवली, मग २०१३ मध्ये कोर्टात गेली आणि ३ लाख बाटची भरपाई मागितली. शेवटी तडजोड झाली, भावांनी नाव बदललं. कायद्याच्या नजरेने स्टारबक्सची बाजू भक्कम होती. लोगो उघडच त्यांच्यावरून घेतला होता. तरीही जगभर हजारो दुकानं असलेल्या कंपनीने एका हातगाडीला कोर्टात खेचणं मला खटकतं. त्या गाडीवरचं एकही गिऱ्हाईक चुकून स्टारबक्समध्ये आल्याच्या समजुतीने तिथे उभं राहिलं असेल असं वाटत नाही.

हातगाडीला खरा धक्का कुठून बसला

दरांकडे बघू. रस्त्यावर ओलिआंगचा ग्लास साधारण २० ते ३० बाटला पडतो. कॅफे ॲमेझॉनमधली थंड कॉफी ६० बाटच्या आगेमागे. स्टारबक्सची १२० ते १५० च्या घरात. (एक बाट म्हणजे अडीच-तीन रुपये.) थायलंडमधली दिवसाची किमान मजुरी २०२५ मध्ये प्रांताप्रमाणे ३३७ ते ४०० बाट होती. म्हणजे स्टारबक्सच्या एका कपाला मजुराच्या दिवसाच्या कमाईतला तिसरा हिस्सा लागतो. हातगाडीवर कॉफी पिणारा माणूस स्टारबक्सकडे वळणारच नाही, त्याला ते परवडत नाही. दोन्हींची गिऱ्हाइकं वेगळी आहेत.

कॅफे ॲमेझॉनचं तसं नाही. साठ बाट ही रक्कम कारकून, शिक्षक, ट्रकचा ड्रायव्हर यांनाही अधूनमधून झेपते. त्यात जागेची सोय. थायलंडमध्ये महामार्गावरचा पीटीटीचा पंप म्हणजे नुसता पंप नसतो: स्वच्छ स्वच्छतागृह, सेव्हन-इलेव्हन साखळीचं किरकोळ मालाचं दुकान, खायची दुकानं, झाडं, आणि लाल पोपटाच्या चित्राचं कॅफे ॲमेझॉन. एप्रिलमध्ये सोंगक्रान या थाई नववर्षाच्या सुटीला बँकॉक रिकामं होतं, लाखो लोक गाड्या घेऊन आपापल्या गावी निघतात, आणि वाटेत थांबायचं ते याच पंपांवर. गाडी थांबतेच, कॉफीसाठी वेगळं गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. जागा आधीच पंपाची असल्यामुळे मॉलमधल्यासारखं भाडं नाही. त्रांगच्या कोपी दुकानाला स्वस्त जागेचा जो फायदा होता तोच तेल कंपनीने हजारो ठिकाणी एकदम मिळवला.

दुसरी ताकद फ्रँचायझीची. ॲमेझॉनची बहुतेक दुकानं कंपनी स्वतः चालवत नाही. गावातला एखादा पैसेवाला माणूस वीस लाख बाटच्या वरची रक्कम घालतो, दुकान त्याचं, नाव आणि माल कंपनीचा. बिया भाजायचा कारखाना कंपनीचा, अयुथ्याजवळ वांग नोईला. पंपांवरून ही साखळी मग मॉल, हॉस्पिटलं, विद्यापीठं, कचेऱ्या अशी पसरली, शेजारच्या कंबोडिया आणि लाओसमध्येही गेली. हा धंदा सांभाळणारी पीटीटीची उपकंपनी फेब्रुवारी २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरली.

हे बघून बाकीच्या तेल कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. बांगचाकने ‘इंथानिन’ काढली, पीटीजीने ‘पुनथाय’. सेव्हन-इलेव्हनच्या १४ हजारांहून जास्त दुकानांत ‘ऑल कॅफे’चा काउंटर आला. हे सेव्हन-इलेव्हनही नावाने जपानी-अमेरिकन आणि चालवणारा थाई सीपी समूह.

हातगाडीवाल्याचं गिऱ्हाईक यांनी नेलं. त्याच रस्त्यावर, थोड्याच जास्त पैशात, एसीत, पावती आणि पॉइंट्ससकट कॉफी मिळते म्हटल्यावर तरुण माणूस तिकडे वळतो आणि त्याला दोष देता येत नाही. पण सरकारी भांडवलाच्या, देशभर पंप असलेल्या कंपनीशी फुटपाथवरच्या बाईने स्पर्धा करायची, ही बरोबरीची लढत नाही. तेल कंपनीचा झेंडा थाई आहे म्हणून ती ‘स्थानिक’ ठरते आणि या प्रश्नातून सहज सुटते. मला ते पटत नाही.

अलीकडे आणखी एक दबाव आला आहे, चिनी साखळ्यांचा. मिक्स्वे २०२२ पासून थायलंडमध्ये आहे, ‘कोटी कॉफी’ ही साखळीही आली आहे. यांचा सगळा भर दर पाडण्यावर. स्टारबक्सने वरचा थर घेतला, ॲमेझॉनने मधला. या साखळ्या थेट खालच्या थरात, हातगाडीच्या दरात उतरू पाहतात.

डोंगरात पिकणारी कॉफी

उत्तर थायलंडची कॉफी ही अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि मला या सगळ्या विषयात तीच सर्वात मोलाची वाटते.

चियांग माई, चियांग राई या प्रांतांच्या डोंगरांत आखा, लाहू, लिसू, करेन अशा जमाती राहतात. एकेकाळी तिथलं नगदी पीक अफू होतं. थायलंडने १९५९ मध्ये अफूवर बंदी घातली, पण बंदीने पोट भरत नाही. १९६९ मध्ये राजे भूमिबोल यांनी रॉयल प्रोजेक्ट सुरू केला: अफूच्या जागी फळं, भाज्या, फुलं आणि कॉफी. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आणि परदेशी मदतीनेही असे प्रयत्न झाले. थंड हवेच्या उंच डोंगराला अरेबिका ही कॉफीची जात मानवते. पानांवर तांबेरा रोग पडतो म्हणून त्याला दाद न देणारी काटिमोर जात मोठ्या प्रमाणावर लावली गेली. कॉफीचं झाड लावल्यापासून फळ धरायला तीन-चार वर्षं घेतं. अफू एका हंगामात पैसे देते. तो मधला काळ कसा काढायचा, हाच खरा पेच होता.

दोई तुंग डोंगरावर १९८८ मध्ये राजमाता श्रीनगरिंद्र यांनी विकास प्रकल्प सुरू केला. त्या वेळी त्यांचं वय सत्त्याऐंशी होतं. उघडे पडलेले डोंगर पुन्हा जंगलाखाली आणायचे, आणि लोकांना झाडांच्या सावलीत कॉफी, मॅकाडेमिया लावून रोजगार द्यायचा, अशी कल्पना. आज दोई तुंगच्या नावाची स्वतःची कॅफे आहेत. चियांग राईतल्याच दोई चांग या आखा गावाच्या कॉफीनेही नाव कमावलं. २०१५ मध्ये दोई तुंग आणि दोई चांग या दोन्ही कॉफींना युरोपीय संघाने भौगोलिक मानांकन दिलं. आपल्या हापूसला जसं मानांकन आहे तेच. म्हणजे त्या डोंगराबाहेर पिकलेली कॉफी युरोपात त्या नावाने विकता येत नाही.

आता पैसे कोणाच्या हातात पडतात ते मोजून बघू. एका कपाला साधारण १८ ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. भाजताना वजन सहाव्या भागाने घटतं, म्हणजे हिरव्या बिया धरल्या सुमारे २१-२२ ग्रॅम. एक किलो हिरव्या बियांसाठी साधारण ६ किलो ताजी लाल फळं तोडावी लागतात. तेव्हा एका कपामागे झाली १३० ग्रॅम फळं. समजा व्यापाऱ्याने बांधावर ३० बाट किलोचा भाव दिला, तर शेतकऱ्याला मिळाले ४ बाटपेक्षाही कमी. कप १३० बाटचा असेल तर हा हिस्सा ३ टक्के. आणि यातूनच नोव्हेंबर ते फेब्रुवारी तोडणीची मजुरी द्यायची. उरलेले ९७ टक्के भाडं, पगार, दूध, बर्फ, कप, जाहिरात, रॉयल्टी आणि नफा.

शेतकऱ्याचा हिस्सा वाढायचा एकच मार्ग आहे: फळ विकायचं नाही. साल काढणं, आंबवणं, धुणं, वाळवणं गावातच करायचं, जमलं तर भाजायचंही आपणच. समजा तीच कॉफी भाजून ८०० बाट किलोने विकली, तर त्याच कपामागे १४ बाट गावात येतात. खर्च वाढतो, पण मधले हात कमी होतात.

आखा आमा या चियांग माईच्या कंपनीने हेच केलं. ली आयु च्यूपा या आखा तरुणाने २०१० मध्ये ती सुरू केली. माए चान ताई या आपल्या गावची कॉफी, भाजणं आणि कॅफे शहरात. लोगोवर त्याच्या आईचा चेहरा आहे. २०२० मध्ये त्यांनी टोकियोतही दुकान उघडलं. डोंगरातल्या गावाची कॉफी गावाच्या नावाने परदेशात विकली जाते, हे मला ॲमेझॉनच्या ४ हजार दुकानांपेक्षा मोठं यश वाटतं. चियांग माईत अशा छोट्या, स्वतः भाजणाऱ्या कॅफेंची आता दाटी आहे. २०१७ मध्ये लाटे आर्टची, म्हणजे कॉफीवर दुधाच्या फेसाने नक्षी काढण्याची, जागतिक स्पर्धा जिंकणारा अर्नोन थितिप्रासेर्त याच शहरातल्या ‘रिस्त्रेट्टो’ कॅफेचा.

स्टारबक्सलाही न्याय द्यायला हवा. उत्तर थायलंडच्या कॉफीचं ‘मुआन जाई’ नावाचं मिश्रण ते २००३ पासून विकतात आणि डोंगरातल्या जमातींसाठी काम करणाऱ्या संस्थेला त्यातून मदतही करतात. पण एकंदर विक्रीत एका मिश्रणाला मर्यादाच असतात.

डोंगरात एक अडचण मात्र कुठल्याच साखळीच्या हातातली नाही. अनेक गावं कागदोपत्री राखीव जंगलाच्या जमिनीवर आहेत. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याकडे सातबारासारखा काही कागद नाही, आणि डोंगरी जमातींतल्या बऱ्याच लोकांना अजून नागरिकत्वही मिळालेलं नाही. कागद नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून वाळवायचा ओटा नाही, यंत्र नाही, आणि म्हणून फळं व्यापाऱ्याला देण्यावाचून इलाज नाही.

देशात पुरेशी कॉफीच नाही

कॉफी पिणारे वाढले, पिकवणारे घटले. थायलंडचं वर्षाचं उत्पादन आता २० हजार टनांच्या आत आलं आहे, आणि देशाची गरज त्याच्या चौपटीहून जास्त आहे. उरलेला माल बाहेरून येतो, मुख्यतः व्हिएतनाममधून.

इथे आयात शुल्काची भूमिका मोठी आहे. कोट्याबाहेर येणाऱ्या कॉफीच्या बियांवर थायलंड ९० टक्के शुल्क लावतो, मात्र आसियान या आग्नेय आशियाई संघटनेच्या देशांतून आलेल्या मालावर फक्त ५ टक्के. ब्राझील किंवा इथिओपियाची कॉफी त्यामुळे जवळपास दुप्पट महाग पडते आणि व्हिएतनामची स्वस्तात येते. परिणाम दोन ठिकाणी वेगवेगळा झाला. उत्तरेतल्या अरेबिकाला या भिंतीने आधार दिला, कारण चांगली अरेबिका हवी असेल तर बाहेरच्या महागड्या मालापेक्षा चियांग राईची घेणं परवडतं. शहरातल्या कॅफेंनी थाई अरेबिका उचलून धरली त्यामागे अभिमान आहे तसं हे शुल्कही आहे. दक्षिणेतल्या रोबस्टाला मात्र काहीच आडोसा मिळाला नाही, कारण तिचा प्रतिस्पर्धी व्हिएतनाम हा आसियानच्या आतच बसलेला. जगातला सगळ्यात मोठा रोबस्टा उत्पादक देश, आणि शुल्क ५ टक्के.

चुम्फोनच्या शेतकऱ्याने मग जे करायचं तेच केलं. कॉफी उपटली आणि ड्युरियन लावलं. चीनमध्ये ड्युरियनला प्रचंड मागणी आहे. काहींनी रबर, काहींनी पाम धरला. जगात रोबस्टाचे भाव २०२४ मध्ये उच्चांकाला गेले, पण तोपर्यंत ज्यांनी झाडं तोडली होती त्यांच्या हाती काही लागलं नाही, आणि आज लावलेलं झाड फळ देईपर्यंत भाव कुठे असेल हे सांगता येत नाही. ओलिआंगची पूड ज्या रोबस्टापासून बनते तिचीच लागवड अशी आटत चालली आहे. पिशवी थाई, हात थाई, कॉफी व्हिएतनामची, असं चित्र आताच अनेक ठिकाणी आहे.

आपल्याकडून थायलंडला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि बहुतेकांची कॉफी हॉटेलात किंवा मॉलमध्येच होते. चियांग माई किंवा चियांग राईला जाणं झालं तर छोट्या कॅफेत बियांच्या पाकिटावर गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी असतं, आणि विचारलं तर दुकानातला माणूस त्या गावाबद्दल आनंदाने सांगतो. बँकॉकमध्ये जुन्या कॉफीसाठी सकाळी लवकर निघायला हवं. यांतली बरीच दुकानं पहाटेच उघडतात आणि दुपार कलली की बंद होतात. गोड कमी हवं असेल तर ओतायच्या आधीच सांगावं लागतं.